राऊतांच्या तक्तपोशीतले दिवे

विश्वंभर राऊतांना आळीत कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे मास्तर म्हणत, आणि ते शाळामास्तर नव्हते, तिकीटमास्तर होते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचवर तिकिटं फाडण्यात त्यांची उभी हयात गेली. माणूस बुटका, पण ताठ. पहिल्या वर्गाच्या खोलीच्या दारात असे उभे राहत की बिनतिकिटाचा माणूस आत डोकवायलाही कचरावा. एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला तिथून उठवून खाली मासळीच्या टोपल्यांशेजारी बसवलं होतं. मेव्हणा पुढे वर्षभर बोलला नाही. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही, कारण नियम त्यांच्या बाजूने होता. नियम आपल्या बाजूने असला की माणसं आपल्या बाजूने नसली तरी चालतं, असं त्यांना बराच काळ वाटत राहिलं.

घर चौलकडच्या एका आळीत, सुपारीच्या वाडीत. रस्ता वर आणि वाडी खाली, मध्ये छातीएवढा चिऱ्यांचा गडगा. आळीच्या वळणावर उभं राहिलं की गडग्यावरून घराचं कौलारू छप्पर आणि ओटीच्या पुढच्या वाशाचं टोक तेवढं दिसे. बाकी सगळं सुपारीच्या खोडांआड. घर जुनं नव्हतं, पण ठेंगणं होतं. बांधणाऱ्याने माळ्यावर सुपारी वाळत टाकायला ऐसपैस जागा ठेवली आणि खाली राहणाऱ्या माणसांच्या डोक्यावरची जागा त्यासाठी कापून घेतली. माजघराची तक्तपोशी, म्हणजे छताच्या फळ्या, मास्तरांना टाचा उंचावल्या की हाताला लागत. राऊतांच्या घरात सगळेच बुटके, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

आळीची एक रीत होती. दिवेलागणीला प्रत्येक घरी ओटीच्या पुढच्या वाशाला कंदील टांगायचा. तो दिसला की घर जागं आहे, हाक मारा, टेका, तंबाखू मळा. तो आत गेला की घर मिटलं, मग उगाच दार वाजवायचं नाही. आणि अंधार पडल्यावर कुणी पाहुणा निघाला, तर तो वळणापलीकडे जाईपर्यंत कंदील बाहेर राहिलाच पाहिजे. रस्त्यात फुरशी निघत, हे एक कारण. दुसरं कारण असं, की पाहुणा वाटेत असतानाच दिवा आत घेणं म्हणजे त्याला परत येऊ नकोस म्हणून सांगणं. कुणी असं केल्याचं म्हाताऱ्यांच्याही आठवणीत नव्हतं. मास्तरांनी केलं.

त्यांची बायको अनुसूया लेक पद्मा शाळेत असतानाच वारली. मग घरात बाप आणि लेक, आणि पद्माला सोबत म्हणून रात्री झोपायला येणारी वळणावरची बायजा. मास्तर आठवडाभर लाँचवर, शनिवारी संध्याकाळी घरी. वळणावर आले की आधी गडग्यावरून कंदील दिसे. मास्तर तिथे एकदा खोकत, तो ऐकून पद्मा पाय धुवायला पाण्याचा तांब्या ओटीवर आणून ठेवी. तेवढ्यासाठी आठवडा काढावा, असं ते सुख होतं. मास्तरांनी ते तिला कधी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या तोंडून गोड शब्द निघणं म्हणजे ओहोटीला लाँच धक्क्याला लागणं.

पद्मा मुंबईला शिकायला गेली, नोकरीला लागली आणि एका शनिवारी चंदरला घेऊन आली. चंदर उरणकडच्या मिठागरातल्या घरचा, बंदरात कारकून. जात वेगळी. अंगाने ताडमाड. त्याने ओटीचा दरवाजा वाकून ओलांडला, माजघरात येऊन मास्तरांना नमस्कार करायला वाकला, आणि सरळ झाला तो थेट तिथल्या तुळईला टांगलेल्या कंदिलावर. काच फुटली, कंदील गरगरला, सगळ्या भिंती हलल्यासारख्या झाल्या. पोरगा कपाळ चोळत मनमोकळं हसला.

"काका, घर जरा बुटका हाय तुमचा!"

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मास्तरांना आधीच जातीचा राग, त्यात हा हेल, त्यात बुटकेपणाची गोष्ट. ते म्हणाले, "आमच्या घरात तुमच्या मापाचं काही नाही. ना दार, ना मुलगी."

पद्मा म्हणाली, "बाबा, ते चुकून झालं."

"चुकून नाही. ज्याला वाकायचं कळत नाही त्याने या घरात येऊ नये. तुला जायचं असेल तर तूही जा."

आता असं बोलणाऱ्या माणसाला वाटत असतं की समोरचा जाणार नाही. पद्मा त्यांचीच मुलगी होती. ती उठली, पिशवी उचलली आणि चंदरच्या मागोमाग ओटीवरून उतरली. दोघं आळीतून चालू लागली. मास्तरांनी ओटीवर येऊन वाशाचा कंदील काढला आणि आत नेला. पद्मा तेव्हा वळणावर पोचली होती. तिने मागे वळून पाहिलं, असं बायजाने नंतर सांगितलं. बराच वेळ पाहत होती, म्हणाली. मास्तरांनी तिला पुढचं बोलूच दिलं नाही.

त्यानंतर नऊ पावसाळे गेले. मास्तर निवृत्त होऊन घरी आले. घरी आले असं म्हणायचं, पण घरी कुणी नव्हतं. सकाळी वाडीला पाणी, दुपारी मूठभर भात, तोही उरायचा. झोपाळ्यावर बसले की कड्या करकरत, आणि दुसऱ्या टोकाला कुणी बसलेलं नसल्यामुळे झोपाळा वाकडा हले. बोलायला एकटा अंबाजी. तो पलीकडच्या वाडीवर राखणीला असे, आणि संध्याकाळी मास्तरांचा कंदील दिसला की घटकाभर येऊन टेके. दोघांत बोलणं थोडंच होई. भरती केव्हा, सुपारी कशी, संपलं. पण तेवढ्या घटकेवर मास्तरांचा पुढचा दिवस निघत असे. पद्माचं नाव निघालं तर मास्तर अडकित्ता जोरात चालवत, म्हणून अंबाजीने ते नाव काढणं सोडलं.

मास्तरांना लेक हवी होती. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं आणि त्यांनी स्वतःपासूनही ते लपवलं नव्हतं. अडचण एवढीच की "ये" हा शब्द तोंडातून कसा काढायचा, हे या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं.

आळीत वीज आली तेव्हा सगळ्यांसारखं त्यांनीही घर वायरमनच्या ताब्यात दिलं. त्याने घरोघरी केलं तेच इथे केलं. माजघरात तुळईवरून वायर सोडली आणि तिच्या टोकाला बल्ब. बटण दाबलं, उजेड पडला. शेजारच्या बायका येऊन तोंडाला पदर लावून बघून गेल्या. सगळे गेल्यावर मास्तर एकटे त्या बल्बकडे बघत राहिले. तो बरोबर तिथेच लोंबत होता जिथे पूर्वी कंदील होता, आणि तेवढाच खाली. वाऱ्याने थोडा हलला तेव्हा भिंतीही हलल्या. मास्तरांनी बटण बंद केलं.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं की या घरात छताखाली डोक्याला लागेल असं काही लोंबता कामा नये.

पण लोंबायचं नाही तर दिवा राहणार कुठे? याचं उत्तर त्यांना माहीत होतं. जुन्या बोटीच्या पहिल्या वर्गाच्या खोलीत, तिचंही छत असंच ठेंगणं, दिवे छताच्या आत बसवलेले असत. छतात गोल भोक, भोकात दिवा, आणि खालून पितळी कड्यात बसवलेली काच, छताला अगदी सपाट. कितीही उंच साहेब आला तरी टोपी लागत नसे. मास्तरांनी त्या खोलीची तिकिटं जन्मभर तपासली होती, पण त्या दिव्यांखाली ते एकदाही बसले नव्हते.

ते लाँचने मुंबईला गेले. भंगारात काढलेल्या बोटींचं सामान दारूखाना म्हणतात त्या बंदरालगतच्या वस्तीत मिळतं, हे त्यांना धक्क्यावर ऐकून माहीत होतं. तिथे नांगराच्या साखळ्यांमागे एका दुकानात त्यांना ते दिवे सापडले. मग सुरू झाली त्यांची निवड. दुकानदाराला वाटलं म्हातारा एक दिवा घेईल आणि जाईल. म्हातारा स्टूल मागवून बसला. साधी काच की दुधी? साध्या काचेतून बल्बची तार डोळ्यांत खुपते, म्हणून दुधी. मोठं कडं की लहान? फळ्यांची रुंदी त्यांनी सुतळीला गाठी मारून आणली होती, तिच्यात मोठं बसेना. पितळेवर हिरवा गंज चढलेला, तो चिंचेने निघेल. त्यांनी एकेक काच उन्हाकडे धरून चीर आहे का ते पाहिलं, एकेक कडं बोटाने फिरवून पाहिलं. माणसं मुलीसाठी स्थळ बघताना एवढं बघत नाहीत, दुकानदार हसून म्हणाला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी सगळे दिवे जुन्या धोतरात गुंडाळले आणि रेवसपर्यंत मांडीवर घेऊन आले.

बसवायचं काम भागोजी सुताराकडे. तक्तपोशीला भोकं पाडायची म्हणजे सागवानाच्या फळ्या कापायच्या. भागोजी करवत हातात घेऊन तीनदा विचारता झाला, "मास्तर, नक्की ना?" वर माळ्यावर वाळत घातलेली सुपारी आणि पेंढा. गरम बल्ब पेंढ्याला लागला तर घराची होळी. म्हणून मास्तरांनी सगळा माळा रिकामा केला. स्वतः शिडी चढून, पोती खाली उतरवून. सुपारी वाळवायला अंगणात मांडव घातला. आणि प्रत्येक दिव्यावर वरच्या बाजूने वनस्पती तुपाचा रिकामा डबा उपडा घातला, त्याला खिळ्याने वारा जाण्यापुरती भोकं. माळ्यावर ते डबे ओळीने बसलेले बघून भागोजी म्हणाला, "हितं आता भूत जरी आला तरी डब्याला अडकून पडंल."

जागाही मास्तरांनीच ठरवल्या. एक दिवा पद्मा अभ्यासाला बसे त्या कोपऱ्यावर. एक झोपाळ्यावर. एक देवाच्या पुढ्यात. आणि एक माजघराच्या बरोबर मध्यावर, जिथे उरणचा पोरगा सरळ झाला होता तिथे. शेवटी भागोजी ओटीवर आला. तिथेही छतात तसाच दिवा बसवला. पुढच्या वाशाला कंदिलाची लोखंडी कडी होती, जुनी, गंजलेली.

"ही काढू का?" भागोजीने विचारलं.

"काढ. आता काहीच टांगायचं नाही."

भागोजीने कडी उपसून काढली आणि वासा रंध्याने सारखा करून दिला. कंदील माळ्यावर गेला.

संध्याकाळी मास्तरांनी सगळी बटणं दाबली. घर त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. उजेड वरून दुधासारखा शांत उतरत होता आणि जमिनीवर गोल पडत होता. काही हलत नव्हतं. भिंती जागच्या जागी. देवाची पितळी घंटी चमकत होती, झोपाळ्याच्या कड्यांवरचा मोर दिसत होता, शेणाने सारवलेल्या जमिनीवरची अनुसूयेच्या वेळची एक भेगसुद्धा दिसत होती. मास्तरांनी मग एक वेडेपणा केला. कोपऱ्यातली वाढवण, म्हणजे लांब दांड्याची केरसुणी, उचलली, तिचा दांडा आपल्या डोक्यावर उभा धरून त्यांनी वरचं टोक अदमासाने चंदरच्या उंचीएवढं आणलं, आणि तसेच ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. दांडा कुठेही लागला नाही. ते परत आले. पुन्हा गेले. डोक्यावर केरसुणीचा दांडा धरून एकटा म्हातारा घरभर फिरतोय, आणि त्याचे डोळे भरून आलेत. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. पाहायला कुणी नव्हतं.

लाँचवर हरेश्वर म्हणून त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तिकीट-क्लार्क होता. पद्मा राहते ती चाळ त्याला माहीत होती. मास्तर मुद्दाम रेवसला गेले, लाँच लागेपर्यंत थांबले. वाटेत त्यांनी निरोप घडवला होता. घरात आता काही लोंबत नाही म्हणावं. जावई ताठ उभे राहू शकतील म्हणावं. माझं चुकलं म्हणावं. प्रत्यक्षात हरेश्वर समोर आल्यावर तोंडातून निघालं ते एवढंच.

"पद्माला सांग, घरात दिवे बसवलेत. बघायला ये म्हणावं."

पंधरवड्याने हरेश्वरने परतीचा निरोप दिला. "ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बघू. मग मी निघालो तर जिन्यापर्यंत आल्या, आणि विचारलं, बाबांनी स्वतः सांगितलं का? म्हटलं, हो."

त्या दिवसापासून मास्तर रोज दिवेलागणीला सगळे दिवे लावू लागले. धुतलेला सदरा घालायचा, तांब्या भरून आत तयार ठेवायचा, आणि झोपाळ्यावर दिव्याखाली बसायचं. ओटीवर बसायचं नाही, कारण वाट बघताना दिसणं त्यांना पटत नव्हतं. पानतंबाखूचं तबक मात्र अंबाजीसाठी पुढे असे.

पण अंबाजी यायचा बंद झाला. आधी वाटलं, आजारी असेल. मग बायजा म्हणाली, ठणठणीत आहे. एके दिवशी दुकानापाशी गाठ पडली तेव्हा मास्तरांनी सरळ विचारलं, "काय रे, आमची ओटी विसरलास?"

अंबाजी ओशाळून म्हणाला, "तुमी हल्ली लवकर निजता, मास्तर. उगा कशाला उठवायचा?"

लवकर निजतो! घरात दिवाळी केलेली असताना! मास्तरांना तो टोमणा वाटला. माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, एवढा उजेड डोळ्यांत खुपला असेल याच्या, असं मनाशी म्हणत ते घरी आले. अंबाजी हा त्यांचा एकुलता एक मित्र होता. जळण्याइतका लहान मनाचा तो नव्हता, हे मास्तरांना शांत डोक्याने विचार केला असता तर कळलं असतं. पण शांत डोकं हा राऊतांचा वाण नव्हता. त्यांनी तबक आत नेऊन ठेवलं. पुढच्या संध्याकाळी उजेड होता तेवढाच होता, फक्त त्यात ते एकटे होते.

मे महिना आला. शाळांना सुट्ट्या लागल्या, रेवसहून येणाऱ्या एष्टीतून मुंबईची माणसं उतरू लागली. आळीत घराघरांतून आंब्याचा वास आणि पोरांचा आरडाओरडा. मास्तर रोज शेवटच्या एष्टीचा आवाज ऐकत. गाडी थांबली की झोपाळा पायाने थांबवून कान देत. पावलं येत, वळणावर येत, दुसऱ्या वाटेने जात. एका संध्याकाळी पावलं वळणावर येऊन थांबली. लहान मुलाचा कुरकुरल्यासारखा आवाज आला, मग काही दबकं बोलणं. पावलं बराच वेळ तिथेच होती. मग ती परत गेली. कुणी वाट चुकलं असेल, मास्तरांना वाटलं. त्यांनी आणखी काही वेळ सगळे दिवे तसेच ठेवले, मग एकेक करून मालवले.

सकाळी बायजा दूध घेऊन आली. तिने तांब्या ठेवला आणि पदराने घाम पुसत विचारलं, "मास्तर, पद्माताई सकाळी तरी आली का?"

"कोण?"

"पद्माताई वो. काल दिवेलागणीला वळणावर हुबी व्हती. मी पानी भरून येत व्हते. संगती तो लांबडा दादला, त्याच्या खांद्यावर पोर निजलेली. सात-आठ वर्सांची आसंल. मी म्हटला, ताई, चल ना घरा. तर म्हनली, न्हाय गं बायजाकाकू, घर मिटलाय. बाबांनी दिवा आत घेतलाय."

मास्तरांच्या हातातला पेला तसाच राहिला. "मी घरात होतो. जागा होतो. सगळे दिवे लावून बसलो होतो!"

बायजा त्यांच्याकडे बघत राहिली. म्हातारा भ्रमला की काय, असा तिचा चेहरा झाला. "दिवे कुटं व्हते, मास्तर? काळाकुट्ट व्हता. तुमच्याकडं तर कधीपास्नंच न्हाय दिसत दिवा. मी तिला थांब म्हटला तं म्हनली, त्यांस्नी उठवू नका. मंग माघारी वळली दोघं. दादला म्हनत व्हता, जाऊन हाक तं मारू. ती म्हनली, नको, एकदा बघितलाय मी हा."

बायजा गेली. मास्तर दिवसभर जेवले नाहीत. बायजा खोटं बोलणारी नव्हती. पण डोळ्यांदेखत लखलखणारं घर काळंकुट्ट कसं असेल? हे कोडं त्यांना उलगडेना, आणि त्याचं कारणही त्यांच्या राहणीतच होतं. घरात दुसरं कुणी असतं तर केव्हाच कळलं असतं. एक जण बाहेरून येतो, दुसऱ्याने घरात दिवा लावलेला असतो, आणि येणाऱ्याला आपलं घर वळणावरून दिसतं. मास्तर घरात असले की दिवे लागत, बाहेर पडले की मालवत. पद्मा गेल्यापासून आपलं उजळलेलं घर बाहेरून त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

दिवेलागण झाली. मास्तरांनी सगळी बटणं दाबली, आणि घरात कुणी नसताना दिवे चालू ठेवून पहिल्यांदाच ते बाहेर पडले. दार उघडंच टाकलं. आळीतून चालत वळणावर गेले. पूर्वी शनिवारी जिथे खोकत, तिथे येऊन उभे राहिले, आणि मागे वळून पाहिलं.

काही नव्हतं. गडगा, त्यावर सुपारीची खोडं, त्यामागे छपराची काळी पाठ. ओटीचा वासा कुठे संपतो तेही कळत नव्हतं. शेजारच्या घरी वायरवरचा बल्ब लोंबत होता, वाऱ्यावर हलत होता, आणि त्याचा उजेड खिडकीतून पार रस्त्यावर सांडला होता. मास्तरांचे दिवे छतात तोंड घालून बसले होते. त्यांचा सगळा उजेड खाली, जमिनीपुरता, गडग्याच्या आड. एवढी पितळी कडी, एवढ्या दुधी काचा, आणि वळणावरच्या माणसाला त्यातलं टीचभरही दिसत नव्हतं. दिसत होतं ते नऊ वर्षांपूर्वी पद्माला इथून दिसलं होतं तेच.

मास्तर तिथेच गडग्याला टेकले. आपल्या लेकीला आपण दुसऱ्यांदा हाकललं, आणि या वेळी आत बसून तिची वाट बघत. त्यांना रडू फुटलं. रस्त्यातच, उभ्या उभ्या, सदऱ्याच्या बाहीला तोंड पुसत ते रडले.

मग ते घरी आले. शिडी लावून माळ्यावर चढले. उपड्या डब्यांच्या फटींतून उजेड येत होता, त्यात कोपऱ्यातला कंदील दिसला. हाच नऊ वर्षांपूर्वी त्यांनी वाशावरून काढून आत नेला होता. टाकीत तळाला थोडं रॉकेल खळखळलं. त्यांनी काच राखेने पुसली, वात वर केली, कंदील पेटवला आणि ओटीवर आणला. हात सवयीने वाशाकडे गेला. कडी नव्हती. भागोजीने जागा इतकी गुळगुळीत केली होती की कडी कुठे होती तेही सापडेना.

तेव्हा ओटीच्या कडेला उभं राहून त्यांनी कंदील हातानेच वर धरला. बुटका माणूस, म्हणून टाचा उंचावल्या.

थोड्या वेळाने आळीत पावलं वाजली. अंबाजी होता. गडग्यापाशी येऊन त्याने नेहमीसारखी वहाण झटकली.

"दिवा दिसला म्हनून आलो. लय दिवसांनी जागे हाव मास्तर." मग जवळ येऊन त्याने वर बघितलं. माजघरात, ओटीवर सगळीकडे लख्ख उजेड, आणि मास्तर कंदील धरून उभे. "ह्यो काय? कुनाला पोचवताव?"

"पद्माला," मास्तर म्हणाले.

अंबाजीला बायजाकडून कळलं असावं. तो म्हणाला, "ती तर कालच गेली."

"हो. उद्या पहिल्या एष्टीने रेवसला जातो. लाँच धरतो. तिच्या दारात जाऊन सांगतो काय सांगायचं ते. जावयालाही सांगतो." त्यांनी पुन्हा टाचा उंचावल्या. "पण त्या रात्रीचा दिवा राहिलाय रे माझ्याकडून. तेवढा धरू दे."

अंबाजीने हात पुढे केला. "आणा हिकडं. मी धरतो घटकाभर. तुमचा हात दुखंल."

मास्तरांनी कंदील दिला नाही. वळणाकडे बघत त्यांनी दुसरा हातही वर नेला आणि कंदील दोन्ही हातांनी धरला. अंबाजी पायरीवर बसला. दोघंही वळणाकडे बघत होते.